साध्यावर खणखणीत, हॉपिंगवर मुका: हॅव क्विक रेडिओची तीच ती तक्रार

तक्रारीचा कागद मी इतक्यांदा वाचलाय की डोळे मिटले तरी दिसतो. ‘यूएचएफ साध्या मोडमध्ये ठीक. अँटी-जॅममध्ये संपर्क नाही.’ (अँटी-जॅम म्हणजेच हॉपिंग: शत्रूला दाबता येऊ नये म्हणून फ्रिक्वेन्सी सतत बदलत बोलणं.) खाली शॉपचा शेरा: ‘तपासलं, दोष आढळला नाही.’ चार दिवसांनी त्याच विमानाचा तोच कागद पुन्हा टेबलावर.

मी मूळची सांगलीची. अमेरिकेत आले, इथली नागरिक झाले आणि हवाई दलात एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं काम शिकले. बरीच वर्षं अ‍ॅरिझोनातल्या एका तळावर विमानांचे रेडिओ सांभाळले. निवृत्त झाल्यावर नाशिक-पुण्याकडची एव्हिऑनिक्स शिकणारी मुलं आणि घरी सिम्युलेटरवर विमान उडवणारी मंडळी विचारायला लागली. प्रश्न ठरलेला: “ताई, साधं लागतं, हॉपिंग लागत नाही. रेडिओ गेलाय का?” प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. इथलं सगळं उघड माहितीतलं आहे. दिवसाचे खरे शब्द किंवा हॉपिंगचा खरा वेग यांतलं काही इथे मिळणार नाही, आणि ते कुणी कुठे लिहूही नये.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. साधं लागतंय आणि हॉपिंग लागत नाहीये, तर रेडिओचा डबा विमानातून काढू नका. आधी घड्याळ विचारा.

कारण समजायचं तर हा रेडिओ काय करतो ते थोडक्यात बघू. एआरसी-१६४ हा १९७०च्या दशकातला मॅग्नव्हॉक्सचा यूएचएफ रेडिओ. २२५ ते ३९९.९७५ मेगाहर्ट्झ, २५ किलोहर्ट्झच्या अंतराने ७,००० चॅनल, १० वॉट पॉवर आणि २४३.० या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा गार्ड रिसीव्हर. विमानं एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलत राहिली तर शत्रूला तेवढी एक दाबली की काम झालं. म्हणून १९८०च्या सुमाराला अमेरिकी हवाई दलाने याच रेडिओत घड्याळ आणि मायक्रोप्रोसेसर घालून त्याला फ्रिक्वेन्सी उड्या मारत बदलायला शिकवलं. हेच हॅव क्विक. रेडिओचं बाकी अंग तेच राहिलं. तोच ट्रान्समीटर, तोच रिसीव्हर, तीच अँटेना. त्यामुळे साधं बोलणं स्वच्छ होत असेल तर बिघाड बहुतेक वेळा या अंगात नसतो. तो दोन रेडिओंच्या आपसातल्या ठरवाठरवीत असतो.

ठरवायच्या गोष्टी तीन. दिवसाचा शब्द, म्हणजे डब्ल्यूओडी. दिवसाची वेळ, म्हणजे टीओडी. आणि नेट क्रमांक. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी एसटी स्टँडचं उदाहरण द्यायचे आणि ते एसटी म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास जायचा. तुम्हाला ते सांगायला नको. शब्द म्हणजे वेळापत्रक, टीओडी म्हणजे स्टँडवरचं घड्याळ, नेट म्हणजे फलाट. वेळापत्रक बरोबर, फलाट बरोबर, पण मनगटावरचं घड्याळ मागे असेल तर गाडी निघून गेलेली असते आणि तुम्ही बरोबर जागी उभं राहून वाट बघत बसता. हॉपिंगवर मुका झालेला रेडिओ नेमका तसा असतो. तो चुकीचं काही करत नसतो, फक्त एकटा पडलेला असतो.

आधी कान द्या

डब्याकडे हात नेण्याआधी हेडसेट घाला, नॉब ‘ए’वर, म्हणजे अँटी-जॅमवर आणा आणि ऐका. रेडिओ स्वतःच बरंच सांगतो.

सलग, न तुटणारा सूर आला तर टीओडी आलेला नाही किंवा शब्द भरलेला नाही. तुटक, धडधडता सूर आला तर नेट क्रमांक अवैध आहे. आणि सूर नाही, खरखर नाही, नुसती शांतता असेल तर तीच खरी फसवी. रेडिओ समाधानी आहे. त्याच्या दृष्टीने वेळ आहे, शब्द आहे, नेट आहे. पण यांतलं काहीतरी समोरच्याशी जुळत नाही.

तक्रार लिहून घेताना पायलटला एवढं विचाराच: सूर होता का, आणि कसा होता? ‘संपर्क नाही’ या दोन शब्दांवर मी अख्ख्या पाळ्या वाया घालवल्या आहेत.

घड्याळाचे घोळ

माझ्या अनुभवात दहातल्या सहा-सात तक्रारी इथेच संपतात, म्हणून इथे जरा थांबते.

टीओडी रेडिओवरूनच घेता येतो. दुसऱ्या स्टेशनने टोनचं बटण दाबलं की आधी वेळेचा कोड जातो, त्यामागे १,०२० हर्ट्झचा सूर. कानाला ‘चिर्रर्र-टूऽऽ’ असं काहीसं लागतं. वैमानिक याला ‘मिकी’ म्हणतात. “मिकी पाठव” म्हटलं की वेळ पाठव.

आता बारकावा असा की रेडिओ चालू केल्यावर आलेली पहिली मिकी तो आपणहून घेतो. नंतरच्या मिकींकडे बघतही नाही. पुन्हा वेळ घ्यायची तर नॉब क्षणभर ‘टी’वर दाबावा लागतो (तिथे स्प्रिंग आहे, सोडला की परत येतो) आणि मग एका मिनिटाच्या आत मिकी यावी लागते. मिनिट उलटलं तर दार बंद.

यातून दोन घोळ होतात. पहिला असा की तुम्ही रेडिओ चालू केला आणि तुमची तयारी होण्याआधीच त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्याच कुणीतरी दुसऱ्याच कुणासाठी मिकी सोडली. तुमच्या रेडिओने ती गिळली. मग तुमचा लीडर, म्हणजे गटातलं पुढचं विमान, मिकी पाठवतो, तुम्ही ऐकता, मान डोलावता, आणि रेडिओ ती फेकून देतो. कानाने ऐकली म्हणजे रेडिओने घेतली असं नव्हे, हे नव्या मुलांच्या डोक्यात बसायला वेळ लागतो. दुसरा घोळ म्हणजे ‘टी’ दाबला आणि लीडर तेवढ्यात टॉवरशी बोलत बसला. सव्वा मिनिटाने त्याची मिकी आली आणि वाया गेली. दोन्हींवर उपाय एकच: “मिकी पाठव” म्हणा, “तयार” असं उत्तर येऊ द्या, मग ‘टी’ दाबा.

पॉवर गेली की टीओडी जातो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण पॉवर कधी गेली हे लक्षात येत नाही. एका विमानाच्या मागे आम्ही तीन आठवडे होतो. जमिनीवर सगळं भरलेलं, तपासलेलं. आकाशात गेलं की सलग सूर. शेवटी एक दिवस मी इंजिन सुरू होताना कानाला हेडसेट लावून विमानापाशीच उभी राहिले. ग्राउंड पॉवरची गाडी काढून विमानाच्या जनरेटरवर जाताना हेडसेटमधली खरखर पापणी लवेल एवढा वेळ थांबली आणि परत आली. तेवढ्यात वेळ पुसली गेली होती. भरायचं काम आम्ही इंजिन सुरू होण्याआधी उरकत होतो, एवढीच चूक. आता मी सांगते की विमान स्वतःच्या पॉवरवर आल्याशिवाय टीओडी भरलाय असं मानूच नका.

मग आणीबाणीची सोय. कुठूनच वेळ मिळत नसेल तर ‘टी’ आणि टोन एकत्र वापरून रेडिओचं घड्याळ मनाने सुरू करता येतं. वेळ खरी नसते, पण लीडरने ती सगळ्यांना मिकीने दिली की त्या गटापुरतं काम भागतं. अडचण तेव्हा येते जेव्हा चारांपैकी दोघं या मनाच्या वेळेवर असतात आणि दोघं जीपीएसच्या. जोडीजोडीत छान बोलणं, जोडी बाहेर शुकशुकाट. ‘एक आणि दोन बोलतात, तीन आणि चार बोलतात, पण दोन आणि तीन नाही’ अशी तक्रार आली तर रेडिओ चारही चांगले आहेत. कुणी कुणाकडून वेळ घेतली एवढंच कागदावर मांडा.

जीपीएसवरून वेळ घेतली की काळजी मिटली असं वाटतं. जवळपास मिटतेही. पण जीपीएसची आतली वेळ आणि जगाची यूटीसी वेळ यांत १ जानेवारी २०१७पासून १८ सेकंदांचा फरक आहे, कारण यूटीसीमध्ये लीप सेकंद घालतात आणि जीपीएस घालत नाही. हा फरक किती, ते उपग्रह स्वतःच सांगतो. मात्र त्याचा पूर्ण संदेश एकदा येऊन व्हायला १२.५ मिनिटं लागतात. बरेच दिवस बंद असलेला, सगळं विसरलेला रिसीव्हर सुरू करून दोन मिनिटांत त्यातून वेळ ओढली तर ती दुरुस्तीविना आलेली असू शकते. हॉपिंगला १८ सेकंद म्हणजे दुसरं जग. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळीच बिघाड होतो आणि दुपारी आपोआप बरा होतो, असं दिसलं तर हे आधी तपासा. रिसीव्हरला आकाश दिसेल असं ठेवून पंधरा मिनिटं द्या.

एक हिशेब हाताशी ठेवा. घड्याळ दशलक्षात एक भागाने चुकत असेल तर तासाला ३.६ मिलिसेकंद सरकतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण लष्कराच्या सिंकगार्स रेडिओत, ज्याचा वेग सगळ्यांना माहीत आहे, सेकंदाला सुमारे १११ उड्या असतात, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर मुक्काम ९ मिलिसेकंदांचा. तिथे ३.६ म्हणजे मुक्कामाचे पाचातले दोन हिस्से. मिकी हातोहात पुढे जातानाही थोडी शिळी होत जाते, कारण रेडिओ लहरीला ३०० किलोमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो. दूरच्या टँकरकडून (हवेत इंधन देणाऱ्या विमानाकडून) वेळ घेतली, ती दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. तिसऱ्याचा आवाज कडेकडेने तुटायला लागतो. सुरुवातीला स्वच्छ आणि दोन-तीन तासांनी बोबडा, असं असेल तर हवेतच नवी मिकी घ्या. उतरल्यावर डबा तपासून काही सापडणार नाही.

(सिंकगार्सचं नाव निघालंच आहे म्हणून सांगते: तो ३० ते ८८ मेगाहर्ट्झवर, एफएम, वेगळ्याच पद्धतीने उड्या मारणारा रेडिओ आहे. हॅव क्विकशी तो बोलत नाही. दोन्ही येणारे नवे रेडिओ आहेत, पण मोड दोन्हीकडे एकच हवा.)

रोज संध्याकाळी पाच वाजता

आता माझी सगळ्यात जवळची केस. हिवाळ्यात आमच्याकडे संध्याकाळच्या उड्डाणांत हॉपिंग पडायला लागलं. एका विमानात नाही, कधी या तर कधी त्या. सलग सूर येतो, साध्यावर या, उतरा, कागद लिहा. उतरल्यावर आम्ही पॉवर घालवून सगळं नव्याने भरायचो आणि रेडिओ लख्ख चालायचा. तीन डबे बदलले. तिन्ही शॉपमधून ‘दोष नाही’ म्हणून परत आले.

एका रात्री मी सगळे कागद घेऊन बसले आणि फक्त वेळेचा रकाना वहीत उतरवला. ५:०२. ५:००. ५:०४. पाचच्या आधीची एकही तक्रार नाही.

मला हे आधी सुचायला हवं होतं, कारण त्याच सुमाराला मी पाळी संपवून सांगलीला फोन लावायचे. आमचे पाच म्हणजे तिकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. आई नुकती उठलेली असायची, मागे नळाला पाणी आल्याचा आवाज. “तुझ्याकडे अजून कालच चाललाय होय गं,” असं ती रोज म्हणायची. आणि बरोबर त्याच क्षणी यूटीसीमध्ये मध्यरात्र होते, तारीख बदलते.

हॅव क्विक-२च्या रेडिओत तारखेसह सहा दिवसांचे शब्द भरून ठेवता येतात आणि तारीख पालटली की रेडिओ आपोआप पुढचा शब्द उचलतो. भरणारा मुलगा मन लावून काम करायचा. पण उड्डाण आजचं, म्हणून शब्द आजचा, एवढंच त्याच्या मनात. दुपारी चारला उडालेलं विमान पाचला रेडिओच्या दृष्टीने ‘उद्या’त शिरायचं, आणि उद्याचा शब्द पोटात नसायचा. म्हणून सलग सूर. उतरल्यावर आम्ही नव्याने भरायचो तेव्हा यूटीसीची नवी तारीख लागलेली असायची, नवा शब्द जायचा, आणि दोष गायब.

त्या मुलाला कुणी रागावलं नाही, मीही नाही. भरण्याच्या तक्त्यावर ‘आज’ हा शब्द खोडून मी ‘यूटीसी तारीख आणि तिच्या पुढची’ असं लिहिलं. त्या हिवाळ्यात पाचची तक्रार पुन्हा आली नाही. अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत म्हणून आमचे पाच वर्षभर पाचच राहतात. कॅलिफोर्नियात हीच घटका हिवाळ्यात चारला आणि उन्हाळ्यात पाचला येते, जर्मनीत रात्री एकला किंवा दोनला. तुमच्या ठिकाणी यूटीसीची मध्यरात्र कितीला पडते ते कंट्रोल हेडजवळ चिकटवून ठेवा.

शब्द आणि नेट

शब्दाचे सहा तुकडे, प्रत्येकात सहा आकडे. जुन्या एआरसी-१६४ मध्ये ते २० ते १५ या प्रीसेट चॅनलांत भरून मग नॉब २० वरून खाली फिरवत न्यायचा. प्रत्येक चॅनलला एक बीप, आणि १५ वर आल्यावर दोन. ती जोडबीप ऐकू आली नाही तर शब्द पूर्ण उतरलेला नाही. नॉब भराभर फिरवला, मध्ये कुणी बोललं, एक बीप हुकली, असं होतंच. शंका आली तर २० पासून पुन्हा. आणि आकडे डोळ्यांनी वाचण्यापेक्षा एकाने मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने भरावेत. अर्थात बंद दाराआड.

नेटमध्ये चूक बहुतेक शेवटच्या दोन आकड्यांत असते. ०० म्हणजे मूळ हॅव क्विक, २५ म्हणजे हॅव क्विक-२ नाटोसाठी, ५० म्हणजे नाटोबाहेरच्यांसाठी, आणि ७५ वापरायचाच नाही, लावला तर तुटक सूर. बोलताना लोक पहिले आकडे सांगतात आणि शेवटचे दोन गृहीत धरतात. एक ०० वर, एक २५ वर, दोघंही शांत, दोघांनाही खात्री की आपलंच बरोबर. शेवटचे दोन आकडे उच्चारायची सवय लावा.

सांकेतिक बोलण्यासाठी केवाय-५८ हा वेगळा डबा जोडलेला असेल तर तो बाजूला करून आधी नुसतं हॉपिंग तपासा. हॅव क्विक स्वतः काही गुप्त करत नाही, नुसता चकवतो. दोन्हींचे दोष एकत्र शोधायला गेलात तर दिवस जातो.

एवढं करूनही नाही लागलं तर

आता डब्याकडे वळायला हरकत नाही. तरी डब्याआधी तार बघा. हॉपिंगमध्ये आवाज येतो पण मधली अक्षरं गळतात, आणि गळणं वेळ नवी केली तरी थांबत नाही, ही खूण वेगळी आहे. साधं बोलणं आपण एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर तपासतो आणि पास करतो. हॉपिंग मात्र पट्ट्यात इकडून तिकडे फिरतं. अँटेनाची तार पट्ट्याच्या एका टोकाला चांगली आणि दुसऱ्या टोकाला वाईट असेल तर साध्यावर कळतच नाही. हॉपिंगमध्ये त्या टोकाच्या उड्या हरवतात.

म्हणून परवानगी घेऊन साध्यावरच पाच-सहा ठिकाणी तपासा: खालचं टोक, मधले दोन-तीन, वरचं टोक. प्रत्येक ठिकाणी वॉटमीटरवर किती पॉवर पुढे जाते आणि किती मागे येते ते लिहा. एकदा मला २३० च्या आसपास सगळं सरळ आणि ३८० च्या वर मागे येणारी पॉवर भसकन वाढलेली दिसली. डबा नवा, अँटेना नवी. पॅनेल उघडून अँटेनाच्या बुडाशी हात घातला, कोअ‍ॅक्सचा, म्हणजे अँटेनाच्या तारेचा कनेक्टर सोडवला, तर आतल्या पितळी कडीवर हिरवा थर, ताकाच्या जुन्या पितळी भांड्याला चढतो तसा. पावसाचं पाणी सीलमधून उतरलं होतं, आणि वाळवंटात पाऊस इतका क्वचित की तिकडे कुणी बघत नव्हतं. कनेक्टर बदलला, सील नवं लावलं, अक्षरं गळायची थांबली.

खरंच कुणी जॅम करतंय का, हा प्रश्नही येतो. तसं असेल तर साधं बोलणं आधी मरतं आणि हॉपिंग त्यातल्या त्यात तग धरतं. साधं जिवंत आणि हॉपिंग मेलेलं, हे जॅमिंगचं चित्र नव्हे.

या सगळ्यात मला १९४२ सालचं एक पेटंट नेहमी आठवतं. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांनी टॉर्पेडोसाठी फ्रिक्वेन्सी बदलत राहणारी यंत्रणा सुचवली होती. पियानोच्या छिद्रं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या, आणि पियानोला पट्ट्या ८८ म्हणून फ्रिक्वेन्सीही ८८. त्यातही मुख्य अट हीच होती: जहाजावरची गुंडाळी आणि टॉर्पेडोतली गुंडाळी एकाच क्षणी सुटली पाहिजे आणि एकाच वेगाने फिरली पाहिजे.

मदत मागताना एवढं सोबत द्या: सूर सलग, तुटक की नाहीच. तक्रारीची वेळ यूटीसीमध्ये. टीओडी कुणाकडून घेतला आणि किती वाजता. पॉवर कधी पालटली. कोण कुणाशी बोलू शकत होतं आणि कुणाशी नाही. नेटचे शेवटचे दोन आकडे. शब्द कळवू नका, फक्त किती तारखांचे भरले होते ते सांगा.